काजळीचा थर, भांडंभर पाणी आणि एक व्होल्ट

साहित्य अगदी साधं. काचेची बोटभर पट्टी, तिच्यावर काजळीचा सच्छिद्र थर, थराच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक तार, आणि भांड्यात शुद्ध पाणी. पट्टी पाण्यात उभी केली की खालची कडा भिजते, ओल हळूहळू वर चढते आणि तारांना जोडलेला मीटर शून्यावरून सरकायला लागतो. 2017 साली चीनमधल्या संशोधकांनी अशाच काही सेंटिमीटरच्या थरांतून 1 व्होल्टपर्यंत व्होल्टेज मिळवून दाखवलं, आणि तेही टिकून राहणारं. नुसत्या खोलीतल्या हवेत, एकही भाग न हलवता.

आता त्या भांड्यावर काचेची हंडी उपडी घाला. आतली हवा दमट होत जाते, बाष्पीभवन मंदावतं आणि मीटरचा आकडा घसरतो. हंडी काढून छोटा पंखा लावा, आकडा पुन्हा चढतो. पाणी तेच, काजळी तीच, तारा त्याच. बदलला तो फक्त पाणी उडून जाण्याचा वेग. सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे आणि बातम्यांमध्ये नेमकी हीच हरवते. ‘पाण्यापासून वीज’ असं छापून आलं की वाचणाऱ्याला वाटतं, पाणी हे इंधन आहे आणि त्यातून काहीतरी पिळून काढलंय. प्रत्यक्षात आत द्रव जातं आणि बाहेर वाफ पडते, एवढंच. कामाचा मोबदला भोवतालची कोरडी, उबदार हवा देत असते.

मग कार्बन काय करतो?

काजळी म्हणजे काही दहा नॅनोमीटर व्यासाच्या कार्बनकणांचे एकमेकांना चिकटलेले घोस. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, तेव्हा त्या घोसांमधल्या फटी किती बारीक असतील याचा अंदाज यावा. ताजी काजळी पाण्याला जवळ करत नाही, थेंब तिच्यावरून घरंगळून जातो. म्हणून ती तापवतात, तिच्यावर प्लाझ्माचा, म्हणजे प्रभारित वायूचा, मारा करतात, आणि अशा प्रकारे तिच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन असलेले रासायनिक गट बसवतात. आता थर भिजायला तयार होतो आणि दिव्याची वात तेल ओढते तसा पाणी वर ओढू लागतो.

पण त्या गटांचं खरं काम वेगळंच आहे. पाणी लागताच ते आपला प्रोटॉन सोडून देतात. प्रोटॉन पाण्यात निघून जातो आणि ऋण प्रभार कार्बनच्या भिंतीवर मागे राहतो. ऋण भिंत पाण्यातल्या धन आयनांना, म्हणजे धन प्रभार असलेल्या कणांना, जवळ ओढते. अगदी लगतचे आयन घट्ट चिकटून बसतात, त्यांच्यापलीकडचे सैल तरंगत राहतात. भिंतीवरचा ऋण प्रभार आणि समोरचा हा धन आयनांचा जमाव मिळून जो थर होतो त्याला विद्युत द्विस्तर म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1879 साली या द्विस्तरावरून असल्या घटनांचं गणित मांडलं होतं.

द्विस्तर किती जाड हे पाणी किती खारं आहे यावर ठरतं. लिटरभर पाण्यात एक मिलिमोल, म्हणजे जेमतेम 60 मिलिग्रॅम मीठ असेल तर जाडी सुमारे 10 नॅनोमीटर. समुद्राच्या पाण्यात ती अर्ध्या नॅनोमीटरहूनही कमी. अतिशुद्ध पाण्यात मात्र द्विस्तर जवळजवळ एका मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे हजार नॅनोमीटरपर्यंत फैलावू शकतो. आता फट असेल 100 नॅनोमीटर रुंद आणि द्विस्तर तिच्याहून जाड, तर फटीच्या मधोमध तटस्थ पाणी उरतच नाही. अख्खी वाट धन आयनांच्या ताब्यात जाते.

अशा फटीतून पाणी वर सरकलं की सैल आयन त्याच्यासोबत वाहत जातात. भिंतीवरचा ऋण प्रभार जागचा हलत नाही. वरच्या टोकाशी धन प्रभार साठू लागतो, खालचं टोक त्या मानाने ऋण होतं. साठलेला धन प्रभार मागून येणाऱ्या आयनांना परत ढकलतो, आणि जितके वर येतात तितकेच मागे फिरू लागले की व्होल्टेज स्थिरावतं. मीटरवर दिसतो तो हाच आकडा. याला प्रवाह-विभव म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग क्विंकेने सच्छिद्र पडद्यातून दाबाने पाणी ढकलून 1859 साली तो नोंदवला होता, आणि त्याच्याही आधी, 19व्या शतकाच्या सुरुवातीला, मॉस्कोत रॉइस नावाच्या शास्त्रज्ञाने उलटा प्रकार पाहिला होता: ओल्या मातीला वीज लावली की पाणीच सरकायला लागतं. म्हणजे मूळ गोष्ट दीडशे वर्षांहून जुनी आहे. क्विंकेला पाणी ढकलायला बाहेरून दाब द्यावा लागला, काजळीच्या पट्टीत ते काम बाष्पीभवन करतं. वरचं पाणी उडून जातं, त्याची जागा घ्यायला खालचं वर येतं, आणि वाहणं थांबत नाही.

इथे एक गमतीची अडचण आहे, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कार्बन स्वतः वीजवाहक आहे. वरचं धन टोक आणि खालचं ऋण टोक यांच्यामध्ये खुद्द काजळीचाच थर आडवा पसरलेला असतो. बाहेरच्या तारेतून फिरण्याऐवजी प्रवाहाला या थरातूनच परतीची वाट मिळते. थर जास्त वाहक केला तर आतल्या आत शॉर्ट झाल्यासारखं होतं. कमी वाहक केला तर पट्टीचा स्वतःचा रोध भरमसाट वाढतो आणि बाहेर काही येत नाही. या दोन टोकांच्या मधली जागा शोधणं हेच या क्षेत्रातल्या बऱ्याचशा प्रयोगांचं काम आहे.

मग कार्बनच कशाला? वाजवी प्रश्न आहे. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक कणांचे थर, सिलिका, अगदी लाकूडसुद्धा असं व्होल्टेज देतं. कार्बनच्या बाजूने सांगायचं तर तो स्वस्त आहे, आम्ल-क्षारांना सहजासहजी दाद देत नाही, त्याच्या पृष्ठभागावर हवे ते गट बसवता येतात, आणि काळा असल्यामुळे ऊन शोषून घेऊन बाष्पीभवनाला हातभारही लावतो. पण खरं आकर्षण वेगळं होतं. वाहकाच्या अंगावरून आयन सरकले तर ते आतल्या इलेक्ट्रॉनांनाही सोबत फरफटत नेतील का, हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञांना भुरळ घालत होता. तसं होत असेल तर वीज थेट कार्बनमध्येच निर्माण होईल.

2001 साली पेत्र क्राल आणि मोशे शापिरो यांनी कार्बन नॅनोट्यूबमध्ये, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांमध्ये, असं घडावं, असं भाकीत कागदावर मांडलं. 2003 साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले शंकर घोष आणि अजय सूद यांनी एन. कुमार यांच्यासोबत नॅनोट्यूबच्या जुडग्यांवरून द्रव वाहवून प्रत्यक्ष व्होल्टेज मोजलं. ते काही मिलिव्होल्टचं होतं आणि वेगाच्या सम प्रमाणात वाढतच नव्हतं. वेग दहापट केला की व्होल्टेजमध्ये एका ठरावीक पायरीची भर पडायची, पुन्हा दहापट केला की पुन्हा तेवढीच. मंद प्रवाह टिपायला हे फार सोयीचं, कारण कमी वेगालाच ते सर्वांत संवेदनशील असतं. त्यांनी हा शोध प्रवाह मोजणारा संवेदक म्हणून मांडला, वीजनिर्मितीचा गाजावाजा केला नाही. या विषयात इतका संयम पुढे फार थोड्यांनी दाखवला.

ग्राफीनचं प्रकरण त्याचं उदाहरण. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा. 2011 साली अमेरिकेतल्या एका गटाने जाहीर केलं, की सुमारे 30 बाय 16 मायक्रोमीटरच्या ग्राफीनवरून हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलेलं पाणी सेकंदाला सेंटिमीटरभर वेगाने वाहवलं तर सुमारे 85 नॅनोवॉट शक्ती मिळते. आकडा चिमुकला वाटतो, पण क्षेत्रफळाने भागा: चौरस मीटरला सुमारे 175 वॉट. चांगल्या सौर पॅनेलच्या तोडीचा आकडा, तोही रात्रंदिवस! साहजिकच खळबळ उडाली.

वर्षभरातच चीनमधल्या नानजिंगच्या गटाने तोच प्रयोग करून पाहिला, एका फरकाने. ग्राफीनला जोडलेले धातूचे इलेक्ट्रोड त्यांनी द्रवापासून पूर्णपणे झाकून टाकले, म्हणजे पाणी फक्त ग्राफीनला लागेल. व्होल्टेज मिळालं नाही. मोजण्याजोगं काहीच नाही. इलेक्ट्रोड उघडे केले तर काही मिलिव्होल्टपासून शंभराहून जास्त मिलिव्होल्टपर्यंत! वीज धातू आणि आम्ल यांच्या भानगडीतून येत होती, ग्राफीन बिचारं दोन इलेक्ट्रोडमध्ये जोडलेल्या रोधाचं काम करत होतं.

पुढे याच गटाने 2014 मध्ये ग्राफीनमधून खरोखर वीज मिळवली, पण वेगळ्या रीतीने. ग्राफीनच्या पट्टीवरून खाऱ्या पाण्याचा थेंब सरकवायचा. थेंबाची पुढची कड कोऱ्या ग्राफीनवर चढते, तिथे आयन येऊन चिकटतात आणि ग्राफीनमध्ये तितकाच विरुद्ध प्रभार ओढला जातो. मागची कड सुटते, तिथला प्रभार मोकळा होतो. पुढे सतत भरणं, मागे सतत रितं होणं. थेंब थांबला की दोन्ही कडा सारख्या होतात आणि व्होल्टेज शून्य. वेग वाढवला की ते वाढतं, एकामागून एक जास्त थेंब सोडले तर थेंबांच्या संख्येनेही वाढतं. इथेही आकडा काही मिलिव्होल्टचाच होता, पण तो कुठून येतो हे नीट दाखवता आलं होतं. संपूर्ण ग्राफीन पाण्यात बुडवून प्रवाह सोडला तर पुढची-मागची कड नसतेच, हेही या प्रयोगावरून समजतं.

2018 पर्यंत या सगळ्या कुटुंबाला हायड्रोव्होल्टाइक असं नाव पडलं. हवेतला ओलावा शोषून वीज देणारे ग्राफीन ऑक्साइडचे थरही त्यातच येतात. एका बाजूला ऑक्सिजनचे गट जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असा थर बनवला, की ओलावा लागल्यावर सुटे झालेले प्रोटॉन दाटीकडून विरळ बाजूकडे सरकतात. त्याच्या तपशिलात इथे शिरत नाही, कारण ओलावा दोन्हीकडे सारखा झाला की तिथलं सरकणं मंदावतं आणि पुढची चर्चा वेगळ्याच दिशेला जाते.

इलेक्ट्रोडकडे मात्र परत यायला हवं. फटींमधून आयन वाहतात, तारेतून इलेक्ट्रॉन. आयन तारेत शिरू शकत नाही. तेव्हा टोकाशी कुठेतरी एकाचं दुसऱ्यात रूपांतर व्हायलाच हवं, आणि ते दोनच मार्गांनी होतं. पहिल्या मार्गात इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर प्रभार नुसता साठतो, कपॅसिटरसारखा. तो भरला की संपलं, मग सतत प्रवाह कसला? दुसऱ्या मार्गात तिथे रासायनिक क्रिया होते. ती क्रिया पाण्याची किंवा विरघळलेल्या ऑक्सिजनची असेल तर ठीक. पण इलेक्ट्रोड ॲल्युमिनियम, जस्त, तांबं अशा धातूंचे असतील, त्यातही दोन टोकांना दोन वेगळे धातू असतील, तर आपण नकळत बॅटरी बांधलेली असते. धातू गंजत जातो, वीज मिळत राहते आणि श्रेय काजळीला जातं. मला असल्या बातमीत सर्वांत आधी हेच बघावंसं वाटतं, की तारा कशाच्या होत्या. सोनं, प्लॅटिनम किंवा कार्बनचेच इलेक्ट्रोड, दोन्ही टोकांना एकच पदार्थ, प्रवाहाची दिशा उलटवल्यावर व्होल्टेजचं चिन्हही उलटणं, बाष्पीभवन बंद केल्यावर आकडा पडणं, इतकं दिसलं तर पुढे वाचायला हुरूप येतो.

दुसरी फसगत व्होल्टची. 1 व्होल्ट ऐकलं की पेन्सिल सेल डोळ्यांसमोर येतो. त्याचा दीड व्होल्ट, म्हणजे आपण जवळपास पोचलोच की! पण सेलचा अंतर्गत रोध एका ओहमच्या आत असतो, ओल्या काजळीच्या पट्टीचा सहज दहा लाख ओहमच्या घरात जाऊ शकतो. असा रोध धरून हिशेब करू. काहीच न जोडता 1 व्होल्ट. तारा थेट एकमेकींना जोडल्या तर 1 मायक्रोॲम्पिअर. जास्तीत जास्त शक्ती मिळते ती बाहेरचा रोध आतल्याइतकाच ठेवला की, आणि ती भरते 0.25 मायक्रोवॉट. साधा एलईडी 2 व्होल्टवर 20 मिलिॲम्पिअर घेतो, म्हणजे 40 मिलिवॉट. भागाकार केला तर एका एलईडीमागे 1,60,000 पट्ट्या. प्रात्यक्षिकांच्या व्हिडिओत दिवा लागलेला दिसतो तेव्हा बहुतेक वेळा आधी बराच वेळ कपॅसिटर भरून ठेवलेला असतो, किंवा दिवाच अगदी अल्प शक्तीवर चालणारा असतो. फसवणूक नाही ती, पण सांगायचं राहून जातं.

पट्ट्या सुधारतील, रोध कमी होईल, हे मान्य. तरीही वर एक छप्पर आहे आणि ते ऊष्मागतिकीचं आहे. पाणी कोरड्या हवेत उडून जातं तेव्हा त्यातून जास्तीत जास्त किती काम काढता येईल हे हवेची आर्द्रता ठरवते. 25 अंश सेल्सिअस आणि 50 टक्के आर्द्रता असेल तर एका लिटरमागे सुमारे 95 किलोज्यूल, म्हणजे साधारण 26 वॉट-तास. आर्द्रता 80 टक्के झाली की हेच साडेआठ वॉट-तासांवर येतं, आणि 100 टक्क्यांना शून्य. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

95 किलोज्यूल हा आकडा तसा लहान नाही. जलविद्युत केंद्रात 100 मीटर उंचीवरून पडणारं लिटरभर पाणी जेमतेम 1 किलोज्यूल देतं. म्हणजे अर्धी कोरडी हवा पाण्याला जी ओढ लावते ती साडेनऊ किलोमीटर उंच धबधब्याइतकी आहे. झाडं याच ओढीवर मुळांतलं पाणी शेंड्यापर्यंत नेतात. शिवाय पृथ्वीच्या पृष्ठभागावर शोषल्या जाणाऱ्या सौरऊर्जेतला जवळपास निम्मा भाग बाष्पीभवनातच खर्च होतो. संशोधकांना यात रस का, ते यावरून कळावं.

गोम अशी, की ही सगळी ओढ फटींमधल्या प्रवाहापर्यंत पोचत नाही. 100 नॅनोमीटर रुंदीची फट पृष्ठताणाच्या जोरावर सुमारे 29 वातावरणांइतकीच (एक वातावरण म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेचा नेहमीचा दाब) ओढ पेलू शकते, हवेच्या ओढीचा आकडा मात्र 900 वातावरणांच्या वर जातो. तिथेच 95 किलोज्यूलचे 3 उरले. त्यानंतर वाहत्या पाण्याच्या ऊर्जेचं विजेत रूपांतर. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी 2007 च्या सुमारास नॅनोमीटर खोलीच्या काटेकोर खाचांमध्ये हे मोजलं तेव्हा कार्यक्षमता सुमारे 3 टक्के निघाली. म्हणजे उरलेल्या 3 किलोज्यूलचे 90 ज्यूल. ढोबळ अंदाज आहे, पण त्याचा अर्थ असा, की लिटरभर पाणी उडून गेल्यावर तो मघाचा एलईडी अर्धा-पाऊण तास पेटेल. फटी आणखी बारीक केल्या तर ओढ वाढते, पण घर्षणाचा अडथळा त्याहून जास्त वाढतो आणि पाणी वर यायलाच वेळ लागतो.

मग समुद्राचं पाणी वापरावं, ते फुकट आणि भरपूर, असं सुचवलं जातं. द्विस्तराचा हिशेब आठवा. खारं पाणी आलं की द्विस्तर अर्ध्या नॅनोमीटरवर आकसतो, फटीचा बाकीचा भाग तटस्थ पाण्याने भरतो आणि ते खारं पाणी स्वतःच उत्तम वाहक असल्यामुळे साठलेला प्रभार मागे गळू लागतो. वर बाष्पीभवनाच्या कडेला मीठ साचून फटी बुजतात तो ताप वेगळाच. नळाच्या पाण्यातल्या क्षारांचंही थोड्या प्रमाणात हेच होतं. म्हणून प्रयोगशाळेत सुंदर आकडे शुद्ध पाण्यावर येतात आणि बाहेर आल्यावर ते सुकतात.

त्यामुळे घराचे दिवे या पट्ट्यांवर चालवण्याच्या गप्पा मी तरी बाजूला ठेवेन. 2003 च्या प्रयोगाने दाखवलेली दिशा मला जास्त पटते. कोरडी पट्टी काहीच देत नाही, ओली झाली की व्होल्टेज येतं; तेव्हा पाण्याच्या टाकीखाली किंवा पाइपच्या सांध्याखाली ठेवलेली अशी पट्टी गळती सुरू झाल्यावर स्वतःच जागी होते आणि बातमी पोचवायला लागणारी वीजही त्याच गळतीतून काढते. मघाच्या हिशेबातल्या चार पट्ट्या जोडल्या तर 1 मायक्रोवॉट होतो. तासभर कपॅसिटरमध्ये साठवला तर 3.6 मिलिज्यूल. काटकसरीने बनवलेल्या रेडिओ चिपला एखादा छोटा संदेश पाठवायला तेवढ्यावर भागवता येतं, मात्र मधल्या काळात ती चिप आणि कपॅसिटर मिळून एका मायक्रोवॉटपेक्षा कमी वीज खाणारे हवेत. आत्ता घोडं अडतं ते बहुतेकदा तिथे.